शब्दचर्चा : जनुकाची प्रत 'सुप्त' की 'दडपलेली'?

भाषांतरकार, कर्वेनगर : पुण्यातल्या पालकांसाठी अँजलमन सिंड्रोम या मेंदूच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या जनुकीय आजारावर पत्रक करते आहे. मुलाला यूबीई३ए या जनुकाची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून मिळते. मेंदूतल्या चेतापेशींत आईकडचीच चालते. वडिलांकडची धडधाकट असून 'सायलेन्स्ड', म्हणजे बंद ठेवलेली असते. आईकडची गळाली किंवा बिघडली की हा आजार. २०१२ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी टोपोटेकन या केमोच्या औषधाने उंदरांमध्ये वडिलांकडची प्रत चालू करून दाखवली. 'सायलेन्स्ड'ला काय म्हणू? निष्क्रिय, सुप्त, मूक?

विशेष शाळेतील शिक्षिका : मूक नको, ताई. यांतली बहुतेक मुलं बोलत नाहीत. आमच्या वर्गातला एकजण तहान लागली की माझं मनगट धरून माठाकडे नेतो. त्याच्या आईला 'मूक जनुक' म्हणजे न बोलण्याचं जनुक वाटेल. आणि 'मतिमंद' कुठे असेल तर 'बौद्धिक अक्षमता' करा.

निवृत्त प्राध्यापक, जीवशास्त्र : 'सुप्त'ही नको. सुप्त गुण, सुप्त इच्छा म्हणतो तेव्हा ते आपलं आपण जागं होईल असं गृहीत असतं. इथे दाबून धरणारा आहे. वडिलांकडच्या १५व्या गुणसूत्रावर उलट दिशेने एक लांबलचक आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरवलेली नक्कल, तयार होतो आणि तो या जनुकाला वर येऊ देत नाही. डीएनएचा पीळ सोडवणारं टोपोआयसोमरेज नावाचं एन्झाइम टोपोटेकन अडवतं. पीळ सुटेना की तो लांब आरएनए पुरता होत नाही आणि दडपण उठतं. म्हणून 'दडपलेली प्रत'. 'दडपण उठणे' हे क्रियापदही आयतं मिळतं.

भाषांतरकार : पटलं, सर. पुढे 'केमोने सुधारणा' लिहू?

निवृत्त प्राध्यापक : अजिबात नको. 'उंदरांच्या चेतापेशींत प्रत चालू झाली', एवढंच. २०१३ मध्ये त्याच विद्यापीठातून आलं की टोपोटेकनने इतर लांब जनुकांचं कामही मंदावतं, आणि त्यांतली बरीच ऑटिझमशी जोडलेली आहेत. पुढे थेट त्या उलट्या आरएनएवर नेम धरणारी औषधं माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत आली, तेही लिहा. जागा उरली तर आणखी एक ओळ : टोपोटेकन ज्या कॅम्प्टोथेसिनपासून बनवलं, ते १९६६ साली शोधणाऱ्या दोघांपैकी मनसुख वाणी नंदुरबारचे. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात सापडतं, आणि त्यापायी नरक्याची चोरटी तोड होते.

विशेष शाळेतील शिक्षिका : नरक्याआधी एका वेगळ्याच ओळीला जागा द्या. 'आईकडची प्रत बिघडली' याचा सासरी अर्थ लागतो, दोष सुनेचा. असं ऐकून घेतलेल्या आया शाळेत माझ्यासमोर बसलेल्या आहेत.

निवृत्त प्राध्यापक : बाई, बरोबर. बहुतेक मुलांत ही प्रत असलेला गुणसूत्राचा तुकडा नव्यानेच गळालेला असतो, आईच्या गुणसूत्रांत तो शाबूत असतो. वाक्य असं करा : 'आईकडून आलेली प्रत बहुतेक वेळा बीजपेशी तयार होताना गळते, आईच्या कोणत्याही वागण्याशी याचा संबंध नाही.'

भाषांतरकार : हे पहिल्या पानावर, ठळक घेते.