चर्चा : चांगली कॉफी ओळखावी कशी, आणि तिच्यात चिकोरी असावी का?

शुक्रवारपेठी (धागाकर्ता)

आमच्या घरी वर्षानुवर्षे कॉफी म्हणजे दूध, साखर आणि चमचाभर झटपट कॉफी एकत्र उकळून, वरून जायफळ किसून केलेले पेय होते. उपवासाला किंवा जागरणाच्या रात्री ते पिताना, यात कॉफीची म्हणून चव कितीशी उरते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. चार वर्षांपूर्वी चिकमगळूरजवळच्या एका मळ्यात दोन दिवस राहण्याचा योग आला. तिथे त्याच आठवड्यात भाजलेल्या अरेबिका जातीच्या बियांची बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी प्यायलो आणि इतकी वर्षे आपण या पेयाची ओळखच करून घेतली नव्हती, असे वाटले. त्यानंतर वाचून, विचारून आणि पुष्कळ चुका करून जे मत बनले आहे ते मांडतो.

माझ्या मते कॉफी निवडताना पाकिटावरच्या नावापेक्षा बिया भाजल्याची तारीख महत्त्वाची आहे. पॅक केल्याची तारीख वेगळी आणि भाजल्याची वेगळी, हे लक्षात ठेवावे. भाजताना बियांत कार्बन डायऑक्साइड तयार होऊन कोंडून राहतो; तो पुढे हळूहळू बाहेर पडतो आणि सुगंधी द्रव्येही त्याच्याबरोबर उडून जातात. बिया अख्ख्या आणि नीट बंद ठेवल्या तर महिनाभर चांगल्या राहतात, पण दळल्यावर हवा लागणारा भाग कित्येक पटींनी वाढतो आणि पूड फार लवकर उतरते. याची परीक्षा घरच्या घरी होते. ताज्या पुडीवर गरम पाणी ओतले की ती फुगून वर येते, शिळी पूड मात्र ओल्या मातीसारखी पडून राहते.

दुसरा मुद्दा चिकोरीचा. चिकोरी ही कॉफी नव्हे. ती एका वेगळ्याच वनस्पतीची भाजलेली मुळी आहे आणि तिच्यात कॅफीनही नसते. आपल्याकडच्या नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असली म्हणजे पुरते, आणि प्रमाण पाकिटावर छापलेले असते. आपण ते वाचत नाही इतकेच. चिकोरीने रंग गडद होतो, कडवटपणा येतो, दाटपणा वाढतो, आणि मूळ कॉफी हलकी असली तरी ते झाकले जाते. म्हणून घरी बिनचिकोरीच्या बिया आणाव्यात, प्रवासात हाताने फिरवायचा लहान ग्राइंडर आणि एरोप्रेस (हाताने दाबून कॉफी गाळायचे साधन) जवळ ठेवावा, आणि कॅफेत गेल्यावर बिया कोणत्या मळ्यातल्या आणि कधी भाजलेल्या, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर चहा मागवावा. विरोधी मते अवश्य लिहावीत.

बंगळूरनिवासी

भाजल्याच्या तारखेबद्दल आपण लिहिले ते मान्य आहे, परंतु चिकोरीबद्दलचे मत मला अजिबात पटले नाही, आणि एकोणीस वर्षे इथे राहून रोज सकाळी फिल्टर लावणारा माणूस म्हणून ते सविस्तर सांगावेसे वाटते.

पितळेच्या किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये वरच्या भांड्यात पूड घालून, दांडीच्या चकतीने ती हलकेच दाबून, वरून नुकतेच उकळलेले पाणी ओततात आणि थेंब थेंब डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, खालच्या भांड्यात उतरू देतात. या यंत्राला दाब नाही, झडप नाही. पाणी पुडीत किती वेळ रेंगाळते यावरच सारे अवलंबून आहे. चिकोरी पाणी धरून ठेवते, त्यामुळे ते सावकाश उतरते. शिवाय ती पाण्यात कॉफीपेक्षा अधिक विरघळते. म्हणून दोन चमचे डिकॉक्शन पेलाभर दुधाला पुरून उरते. त्याच फिल्टरमध्ये तुमची बिनचिकोरीची, जरा जाडसर दळलेली पूड घातली तर पाणी पाच मिनिटांत खाली येते आणि दुधात मिसळल्यावर त्याचा पत्ता लागत नाही. मग माणूस म्हणतो की फिल्टर कॉफीत काही अर्थ नाही.

यामागे इतिहासही आहे. १९४० च्या दशकात कॉफी बोर्डाची व्यवस्था आली तेव्हापासून मळेवाल्यांना आपले पीक बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा करावे लागे. ते बंधन १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने सैल झाले आणि १९९६ मध्ये पूर्ण उठले. त्या सगळ्या काळात घराघरांत कॉफी पुरवून पुरवून वापरली गेली आणि चिकोरीने तिला साथ दिली. काटकसरीतून आलेली गोष्ट पुढे आवडीची झाली असेल तर तिला भेसळ म्हणणे अन्यायाचे आहे. इथल्या कॉफीपुडीच्या दुकानात गिऱ्हाईक ‘पीबेरी आणि प्लँटेशन ए निम्मे निम्मे, चिकोरी पंधरा टक्के’ असे स्पष्ट सांगते आणि दुकानदार तसे समोर दळून देतो. फळात दोनऐवजी एकच गोल बी धरली तर ती पीबेरी, आणि धुऊन तयार केलेल्या अरेबिकाची मोठ्या दाण्याची प्रत ती प्लँटेशन ए, हे इथल्या कितीतरी गृहिणींना ठाऊक असते. याला अजाण गिऱ्हाईक कसे म्हणावे?

माटुंगा_रोड

वरील प्रतिसादाशी बव्हंशी सहमत. मुंबईत माटुंग्याला कॉफी भाजून-दळून देणारी जुनी दुकाने आहेत. तिथे पाकिटावर भाजल्याची तारीख शोधू गेलात तर मिळणार नाही, पण दुकानाच्या चार घरे अलीकडेच वास येतो आणि माल आठवड्याच्या आत संपतो. दर शनिवारी दोनशे ग्रॅमच घ्यावी, हा माझ्या वडिलांचा नियम होता. ते अर्धा किलो कधीच आणत नसत. तारीख छापलेले महागडे पाकीट दोन महिने पुरवणाऱ्यापेक्षा त्यांच्या घरची कॉफी निश्चितच ताजी होती.

एक जोड देतो. पोलसन हे नाव आज लोण्यामुळे लक्षात आहे, परंतु त्या घराण्याच्या व्यवसायाची सुरुवात मुंबईत कॉफी दळून विकण्यापासून झाली होती. म्हणजे या शहराला दळलेल्या कॉफीचा वास नवा नाही.

कृष्णाकाठ

आतापर्यंतचे तिन्ही प्रतिसाद वाचून खेद वाटला, कारण मराठी घरातली जायफळाची कॉफी ही जणू अज्ञानातून आलेली गोष्ट आहे असे सगळ्यांनी गृहीत धरले आहे. आमच्याकडे म्हशीचे दूध असते. त्यात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, आणि अशा दुधात तुमच्या हलक्या भाजलेल्या अरेबिकाची फुलाफळांची चव उतरणार नाही. ती बुडून जाईल. या दुधाला साजेल असा उग्र, उबदार सुगंध हवा आणि तो जायफळ देते. रात्री दवाखान्यात जागणाऱ्या माणसासाठी थर्मासमधून नेलेली, लग्नघरात पहाटे पाहुण्यांच्या हाती दिलेली किंवा एकादशीला भगरीच्या आधी प्यायलेली कॉफी ही हीच कॉफी आहे, आणि तिची चव त्या दुधाच्या सायीपासून वेगळी काढता येत नाही. जायफळ मात्र ताजे किसावे आणि गॅस बंद केल्यावरच घालावे. उकळत राहिले तर ते कडवट होते. साखरेच्या पोटात कॉफी भरलेल्या वड्या मिळत, त्या ज्यांनी दुधात विरघळवल्या आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

झटपट कॉफीबद्दल इतकेच म्हणेन की सकाळी सहा माणसांचे डबे भरताना ग्राइंडर फिरवत बसणे शक्य नसते.

शुक्रवारपेठी

कृष्णाकाठ यांची क्षमा मागतो. जायफळाच्या कॉफीला कमी लेखण्याचा हेतू नव्हता. आईच्या हातची ती कॉफी मी आजही आनंदाने पितो. माझे म्हणणे एवढेच की ती दुधाची पाककृती आहे, आणि तिच्यावरून कॉफीच्या बियांची पारख करता येत नाही.

बंगळूरनिवासी यांना मात्र विचारतो की, दाटपणाच हवा असेल तर त्यासाठी मुळी कशाला? रोबस्टा ही कॉफीची दुसरी जात आपल्याच देशात अरेबिकापेक्षा कितीतरी अधिक पिकते. धुऊन तयार केलेली, कापी रोयालसारख्या प्रतीची रोबस्टा एक चतुर्थांश मिसळली तर दुधातही टिकणारा दाटपणा येतो, आणि पेल्यात जे आहे ते सारे कॉफीच असते. पाणी भरकन उतरत असेल तर पूड आणखी बारीक दळावी. फिल्टरचा दोष चिकोरीने झाकणे हा उपाय नव्हे. आणि काटकसरीतून आलेल्या आवडीचा मान राखूनही, काटकसरीचे कारण संपल्यावर मूळ वस्तू एकदा चाखून पाहायला काय हरकत आहे?

घाटउतार

मी कामानिमित्त महिन्यातून दोनदा पुणे-बंगळूर रस्त्याने जातो, त्यामुळे फक्त प्रवासापुरते लिहितो. ग्राइंडर आणि एरोप्रेस घेऊन फिरण्याचा सल्ला मला पटत नाही. त्याने रस्त्यावरची चांगली कॉफी हुकते. साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत बहुतेक ठिकाणी यंत्रातून येणारी कॉफी असते, आणि तिच्यात दुधाची भुकटी, साखर आणि कॉफी आधीच मिसळलेली असल्याने तिथे निवड करण्यासारखे काही नसते. मी तिथे चहाच घेतो. निपाणी ओलांडली की चित्र पालटू लागते, आणि हुबळी-दावणगेरेच्या पट्ट्यात गर्दीच्या खानावळीत उभ्याने घेतलेली कॉफी सहसा निराश करत नाही.

ओळखण्याची माझी रीत साधी आहे. डिकॉक्शनचे भांडे समोर दिसते का, दूध वेगळे तापत ठेवले आहे का, आणि समोरचे लोक कॉफी पीत आहेत की चहा, हे पाहावे. जिथे दर दोन मिनिटांनी पाच पेले जातात तिथे डिकॉक्शन शिळे राहायला अवधीच मिळत नाही. तुमच्या तारखेचा नियम हाच आहे, फक्त तो पाकिटावर छापलेला नसून गर्दीत दिसतो. दुपारी तीनला रिकाम्या हॉटेलात मात्र थांबू नये. सकाळचे डिकॉक्शन पुन्हा गरम करून मिळते आणि ते जळकट लागते. हा अनुभव मी एकाहून अधिक वेळा घेतला आहे.

काउंटरमागून

मी मुंबईतल्या एका कॅफेत तीन वर्षे कॉफी बनवली आहे, म्हणून कॅफेबद्दलच्या सल्ल्याला उत्तर देणे मला भाग आहे. मळ्याचे नाव आणि भाजल्याची तारीख आमच्या फळ्यावर सुरेख अक्षरांत लिहिलेली असे, तरीही कित्येक दिवस कॉफी वाईट जात असे, कारण गर्दीच्या वेळी ग्राइंडरची जुळवणी तपासायला कोणाला सवड नव्हती. एस्प्रेसोसाठी अठरा ग्रॅम पुडीतून साधारण छत्तीस ग्रॅम पेय सुमारे अर्ध्या मिनिटात उतरावे लागते. ते पंधरा सेकंदांत उतरले तर आंबट लागते आणि पाऊण मिनिट लागले तर कडू. आंबटपणा आधी सुटतो, गोडवा त्यामागून आणि कडवटपणा शेवटी. बिया कितीही चांगल्या असल्या तरी हे चुकले की सगळे गेले.

म्हणून गिऱ्हाइकाने नाव विचारण्याऐवजी हात पाहावेत. पूड तुमच्या मागणीनंतर दळली जाते का? वाफेची नळी दर वेळी पुसली जाते का? आधी तापवलेलेच दूध पुन्हा तापवले जाते का? दूध ६० ते ६५ अंशांपर्यंत तापले की गोड लागते. ७० च्या पुढे गेले की त्याला उकळल्याचा वास येतो, आणि मग लोक साखर मागतात. लग्नाच्या मांडवात ‘एस्प्रेसो’ म्हणून फसफसणारे दूध मिळते, वर चॉकलेटची पूड भुरभुरलेली असते, त्यात याच कारणाने साखरेवाचून काही उरत नाही.

आणखी एक, आणि हे धागाकर्त्याने मनावर घ्यावे अशी विनंती आहे. हलकी भाजलेली अरेबिका दुधाबरोबर मागवू नये. अडीचशे रुपये देऊन ‘कॉफी फाटल्यासारखी आंबट लागते’ अशी तक्रार करणारे गिऱ्हाईक मी रोज पाहिले आहे. त्यात चूक त्यांची नव्हती. दुधासाठी गडद भाजलेल्या बिया द्यायला हव्या होत्या आणि आम्ही फॅशनपायी देत नव्हतो. या बाबतीत दक्षिणेतले दुकानदार आमच्यापेक्षा शहाणे आहेत.

शुक्रवारपेठी

काउंटरमागून यांचा प्रतिसाद मला या धाग्यातला सर्वांत उपयोगी वाटला. कॅफेत प्रश्न विचारण्याऐवजी हात पाहावेत, हे मी स्वीकारतो. घाटउतार यांच्या गर्दीच्या निकषाबद्दलही दुमत नाही. पुढच्या वेळी एरोप्रेस घरी ठेवून निघेन.

चिकोरीचा वाद मिटावा म्हणून रविवारी घरी प्रयोग केला. प्लँटेशन ए आणि पीबेरीचे एकाच दिवशी भाजलेले मिश्रण घेतले. शंभर ग्रॅम तसेच बारीक दळून आणले आणि शंभर ग्रॅममध्ये पंधरा टक्के चिकोरी घालून घेतली. दोन सारख्या फिल्टरांत वीस-वीस ग्रॅम पूड आणि शंभर-शंभर मिली पाणी घातले, दूध एकच ठेवले आणि पेले कोणते ते फक्त पत्नीला ठाऊक होते. आईने आणि काकांनी चिकोरीचा पेला निवडला, मी दुसरा. दुधाबरोबर दोन्हींतला फरक मला वाटला होता त्याहून कमी होता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. मात्र तेच डिकॉक्शन नुसत्या गरम पाण्यात घातल्यावर चिकोरीचा पेला मला सपाट, जळक्या गुळासारखा लागला, आणि दुसऱ्यात संत्र्याच्या सालीची आठवण करून देणारी किंचित आंबट चव स्पष्ट होती. आपले मत मी बदललेले नाही. फक्त ते बिनदुधाच्या कॉफीपुरते मर्यादित करतो.

बंगळूरनिवासी

प्रयोग इतक्या नेटकेपणाने केल्याबद्दल आभार. एक शंका राहते. पाणी कोणते वापरलेत, नळाचे की बोअरचे? जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यातला बायकार्बोनेट कॉफीतली आंबट चव मारतो, आणि मग बिनचिकोरीची कॉफी दुधात नुसतीच फिकी लागते. आमच्या जुन्या घरी बोअरचे पाणी होते, तिथे वीस टक्के चिकोरी घालावी लागे. आता नदीचे पाणी येते आणि दहा टक्के पुरते. तुमच्याकडे बोअरचे असेल तर गाळणयंत्राच्या पाण्यावर तोच प्रयोग पुन्हा करावा आणि आईंना विचारून इथे कळवावे.