जुनी राय व्हिस्की उघडायची आहे, सल्ला हवा

गोदाकाठ: सहा वर्षांपूर्वी दादाने अमेरिकेहून येताना 13 वर्षं पिंपात मुरलेली राय व्हिस्की आणली. मी ती घरातल्या वाईनशेजारी आडवी ठेवून दिली. दिवाळीत दादा येतोय, तेव्हा उघडू म्हणतो. आम्ही आजवर सोडा घालूनच पीत आलो. हिला काय न्याय द्यावा?

द्राक्षवाला: आधी बाटली उभी करा! नाशकात वाईनमुळे ही सवय लागते. वाईनचं बूच ओलं राहायला हवं. व्हिस्कीतलं कडक अल्कोहोल मात्र बूच खातं. उघडताना ते तुटू शकतं. ओढू नका, हलकेच पिळत काढा. चहाची स्वच्छ गाळणी हाताशी असू द्या.

सावकाश: राय म्हणजे आपली राई नव्हे, गव्हाच्या जवळचं धान्य. अमेरिकी कायद्याप्रमाणे धान्यात निदान 51 टक्के राय लागते आणि पिंप ओकचं, नवं, आतून जाळलेलं. कोवळी राय मिऱ्यासारखी झोंबते. इतकी मुरली की त्या तिखटामागून काकवी, लवंग, दालचिनी येते. सोडा त्यावर पाणी फिरवतो, बर्फाने वास मिटतो.

तोंडाशी निमुळता ग्लास घ्या, वाईनचा छोटा चालेल. 30 मिली ओता आणि दहा मिनिटं हात लावू नका. वास घेताना ओठ किंचित उघडे ठेवा, नाक भाजत नाही. पहिला घोट फक्त जीभ सरावण्यासाठी. दुसरा तोंडात फिरवा, गिळल्यावर थांबा. खरी चव तेव्हा वर येते. मग चमच्याने तीन-चार थेंब पाणी. चिवडा नंतर, आधी फारतर साधे बदाम.

द्राक्षवाला: आणि दादा उतरल्या रात्री नको. प्रवासाने शिणलेल्या माणसाला वास लागत नाही. उरलेली छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा. पण वर्षानुवर्षं जपू नका. बाटलीत व्हिस्की मुरत नाही, तेराची तेराच राहते.

गोदाकाठ: भाऊबीजेच्या रात्री गच्चीवर उघडली. बूच अर्ध्यात तुटलंच, गाळणी कामी आली. चार थेंब पाणी घातल्यावर दादाने ग्लास नाकाशी धरला आणि म्हणाला, "आजीच्या मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखं वाटतंय." दोघं दीड तास तेवढ्यावरच बसलो होतो.