मदत हवी आहे: लॅमेलर इक्थिओसिस असलेल्या मुलीला औषधचाचणीत सहभागी करावे का?

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यात राहतो. माझ्या ११ वर्षांच्या मुलीला लॅमेलर इक्थिओसिस हा त्वचेचा जन्मजात आजार आहे. जन्मली तेव्हा तिच्या अंगावर चकचकीत पापुद्रा ताणून बसवल्यासारखा होता. तो काही आठवड्यांत निघून गेला आणि खालून आलेली त्वचा आजतागायत खवल्यांचीच आहे. जनुकीय तपासणीत टीजीएम१ या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष निघाला. पत्नी माझी मामेबहीण असल्याने आम्ही दोघेही वाहक (जनुकाच्या एकाच प्रतीत दोष असलेले) निघालो याचे डॉक्टरांना नवल वाटले नाही. प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, असे त्यांनी सांगितले. (गावात मात्र अजूनही ग्रहणात चिरलेल्या भाजीचाच विषय निघतो.)

पावसाळ्यात तिची त्वचा बरीच मऊ राहते. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते, कारण जाड थराखाली घामाची छिद्रे बुजतात, घाम बाहेर पडत नाही आणि अंग तापत जाते. शाळेत ती ओला पंचा मानेवर घेऊन बसते. आंघोळ झाल्यावर अंग ओलसर असतानाच मलम लावावे लागते. मलमातले पॅराफिन कपड्यांत मुरले की कपडा झटकन पेट घेतो, म्हणून न्हाणीतल्या चुलीवरचे पाणीसुद्धा तिची आईच काढून देते.

मुंबईच्या एका रुग्णालयाने तिला नव्या मलमाच्या चाचणीत घेण्याविषयी विचारले आहे. निम्म्या मुलांना औषध आणि निम्म्यांना नुसते साधे मलम मिळेल. कोणाला काय मिळाले हे आम्हाला किंवा डॉक्टरांना कळणार नाही. चाचणीआधी दोन आठवडे युरिया आणि लॅक्टिक ॲसिडची सध्याची मलमे बंद करून फक्त पेट्रोलियम जेली लावायची आहे, आणि ते दोन आठवडे नेमके एप्रिलमध्ये येतात. या जनुकाचा आजाराशी असलेला संबंध १९९५ मध्ये उघड झाला, तरी आजार मुळापासून घालवणारे औषध अजून आलेले नाही. इतक्या विरळ आजारात मुले सहभागी झाली नाहीत तर संशोधन पुढे सरकणार नाही, हे मला पटते. तरीही उन्हाळ्याचा विचार केला की मन कचरते.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी संमती घेतात, तशी तिलाही विचारणा झाली. "फोटोत माझा चेहरा दिसणार का?" एवढेच तिने विचारले. डोळे झाकू, असे उत्तर मिळाले. पण तिच्या खालच्या पापण्या बाहेर वळलेल्या असल्याने डोळ्यांचेच जवळून फोटो लागणार आहेत.

सीटीआरआयवरील (औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतील) नोंदणी मी पाहिली आहे, आणि चाचणी मध्येच सोडता येते हेही माहितीपत्रकात आहे. ज्यांची मुले अशा चाचणीत होती, त्यांनी कृपया सांगावे: सुरुवात पावसाळ्यापर्यंत पुढे ढकलून मिळते का? मलमे बंद असताना त्रास वाढला, तर मधल्या काळात काय करू देतात? चाचणी सोडल्यावर आधीचे फोटो काढून टाकायला सांगता येते का? घरगुती उपाय कृपया सुचवू नयेत; खोबरेल आणि भिरंडेल (कोकमाच्या बियांचे तेल) आमच्याकडे आहेच.

संमतीपत्रावर सही करण्यासाठी आम्हाला गुढीपाडव्यानंतरच्या सोमवारी बोलावले आहे.