जुन्जी इतोच्या भयकथा: सोलापूरच्या वाचनगटाने सुरुवात कुठून करावी?

शाईघर_सोलापूर
नमस्कार मंडळी. सोलापुरात चित्रकला शिकणाऱ्या मुलांचा एक वाचनगट आहे, वयं १७ ते २१. धारप, मतकरी सगळ्यांनी वाचलेत, पण मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, कुणीच हातात घेतलेला नाही. पुढच्या महिन्यात जुन्जी इतो घ्यायचा आहे. दोनच पुस्तकं परवडतील, कोणती घेऊ? फोनवर वाचलं तर चालेल का? आणि चित्रं काढणाऱ्या मुलांनी त्यात नेमकं काय बघावं?

काळीरेघ
पहिलं 'शिव्हर', दुसरं 'उझुमाकी'. 'शिव्हर'मध्ये इतोने स्वतः निवडलेल्या नऊ कथा आहेत, शिवाय एक छोटी नवी. कथा कशी सुचली हेही त्याने लिहिलंय, ते चित्र काढणाऱ्यांना फार उपयोगी. त्यातली 'द लाँग ड्रीम' आधी वाचा. एका रुग्णाला रोज रात्री पडणारं स्वप्न लांबत जातं, एका रात्रीत वर्षंच्या वर्षं उलटतात आणि त्याचं शरीरही त्याप्रमाणे बदलू लागतं. सगळी इतो-पद्धत इथे आहे: एक साधी कल्पना घ्यायची आणि ती शेवटपर्यंत ताणायची. लोंबणाऱ्या फुग्यांची गोष्ट मात्र गटात लगेच काढू नका. ती गळफासावर आहे. मुलांना आधी कल्पना द्या, कुणाला नको असेल तर आग्रह नको.

धारपांचे वाचक आहेत म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. धारपांकडे बऱ्याचदा समर्थ किंवा अप्पा जोशी येतात, अमंगळाशी झुंजतात. इतोकडे कुणी येत नाही. का घडलं याचं उत्तरही बहुधा मिळत नाही. ते शोधत बसलं की मुलं शेवटी 'एवढंच?' म्हणतात.

आता फोन. नको, आणि कारण पक्कं आहे. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. उघड्या पुस्तकात आधी उजवं पान, मग डावं. डाव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कुणीतरी दचकून काहीतरी बघतं, आणि ते काय हे पान उलटल्यावरच दिसतं, बऱ्याचदा पानभर. इतोची भीती त्या पान उलटण्यात आहे. फोनवर चौकटी सरकवत गेलात की पुढचं चित्र खालून आधीच डोकावतं. टॅबवरच वाचायचं असेल तर आडवा धरा, दोन पानं शेजारी दिसतील असं ठेवा आणि दिशा उजवीकडून डावीकडे आहे ना ते तपासा.

गिफू६३
'तोमिए'चं नाव कसं नाही आलं? इतो १९६३ चा, गिफू प्रांतातला. दातांच्या कवळ्या बनवणारा तंत्रज्ञ होता. १९८७ मध्ये 'तोमिए' स्पर्धेला पाठवली, भयमांगा काढणाऱ्या काझुओ उमेझूंच्या नावाच्या पुरस्कारात उल्लेखनीय ठरली आणि तिथून सगळं सुरू झालं. पुढे २००० पर्यंत तो तिच्याकडे परत परत येत राहिला. खून झालेली वर्गातली मुलगी पुन्हा वर्गात हजर, ही मूळ कल्पना. एकाच पुस्तकात तेरा वर्षांत हात कसा सुधारला ते दिसतं. विद्यार्थ्यांना याहून चांगलं काय?

काळीरेघ
मान्य, पण तिसरं म्हणून. साडेसातशे पानांचा ठोकळा आहे, सुरुवातीची चित्रं कच्ची आहेत आणि सलग वाचली तर कथांचा साचा लवकर कळतो. 'उझुमाकी' १९९८-९९ ची, तेव्हा हात पूर्ण तयार होता. गाव एक, कुरोउझु-चो, आणि त्याला लागलेली सर्पिलाची बाधा. केस, कुंभाराची माती, दीपगृह, गोगलगायी, प्रत्येक प्रकरणात सर्पिल नव्या जागी निघतं. तीन भाग एकत्र असलेली जाड पुठ्ठ्याची आवृत्तीच घ्या, आयएसबीएन ९७८१४२१५६१३२५. खूपच स्वस्त मिळाली तर संशय घ्या. नकली छपाईत बारीक रेघा एकमेकींत मिसळून काळा डाग होतो, आणि इतोत सगळं त्या रेघांतच असतं.

निबकाम
चित्रांबद्दल. चेहरे बघा: 'उझुमाकी'ची नायिका किरिए, तिचा चेहरा स्वच्छ, मोजक्या रेघांचा. भयंकर गोष्ट आली की शेजारीच रेघांची दाट जाळी. डोळा आपोआप तिकडे ओढला जातो. म्हणून बीभत्स चित्राआधीची दोन शांत पानंही तितक्याच बारकाईने बघायला लावा.

सराव: एकच चौकट पोस्टकार्डाच्या आकारात मोठी करून काढा. ०.१ आणि ०.३ चं पेन, गुळगुळीत आयव्हरी शीट. साध्या कागदावर शाई फुटते. पहिला थर एकाच दिशेने, तो पूर्ण वाळू द्या, दुसरा थर थोडा तिरका. थेट काटकोनात मारला तर जाळी चौकड्यांच्या कापडासारखी दिसते, कातडीसारखी नाही. रेघ आकाराच्या वळणाने जाऊ द्या. सरळ मारली की गोल गाल सपाट पडतो. पानांची झेरॉक्स काढून वाटू नका, करडा भाग काळा होतो. पुस्तकच मध्ये ठेवा.

शाईघर_सोलापूर
आभारी आहे, 'शिव्हर' आणि 'उझुमाकी' ठरलं. 'उझुमाकी'ची मालिका आधी दाखवू का?

गिफू६३
आधी नको. २०२४ ची चार भागांची कृष्णधवल मालिका आहे. पहिला भाग जबरदस्त, दुसऱ्यापासून हालचालींचं काम घसरतं आणि प्रकरणं घाईत एकमेकांत कोंबलीत. पुस्तक संपल्यावर फक्त पहिला भाग दाखवा आणि तीच चौकट पुस्तकात काढून शेजारी ठेवा. पुढे कधी इतोचंच 'ग्यो' हे पुस्तक मिळालं तर आधी त्याच्या शेवटची 'अमिगारा'ची कथा वाचा. भूकंपाने उघड्या पडलेल्या डोंगरात माणसांच्या आकाराची भोकं असतात, आणि बघणाऱ्याला त्यातलं एक आपलंच आहे असं वाटू लागतं. तीसेक पानांचीच आहे, एका बैठकीत होते.