मदत हवी आहे: पितळी टाकीचं जुनं सीगल मशीन, मॉडेल कुठलं?

मंडळी, वेंगुर्ल्याला काकांच्या मांगरात होडीच्या मागे लावायचं जुनं मशीन सापडलं. पितळी टाकीवर 'ब्रिटिश सीगल' पुसटसं वाचता येतं. वर उघडं चाक, दोरी गुंडाळून ओढायचं. मॅग्नेटोवर (ठिणगी पाडणाऱ्या भागावर) 'विलियर्स', पाण्यातला पंखा पाच पात्यांचा. क्रँककेसवरचा (इंजिनाच्या कवचावरचा) नंबर रंगाखाली अर्धा बुजलाय. तो न खरवडता कसा वाचावा? त्यावरून साल, मॉडेल कोणी सांगेल का?

चाक फिरतं, कॉम्प्रेशनही (सिलिंडरातला दाब) जाणवतं, ठिणगी मात्र नाही. खाऱ्या पाण्यात वापरलेलं, म्हणजे आतल्या पाण्याच्या वाटा मिठाने चोंदल्या असणार. त्या कशाने साफ करता? आणि पेट्रोलमध्ये ऑइल १० ला १ की २५ ला १? भंगारवाला किलोवर मागतोय, नुसत्या पितळेच्या लोभाने! दुरुस्त केलं तर साधारण काय किंमत यावी?