मदत हवी आहे: भूजलाच्या अर्थशास्त्रात पीएचडी, डिपार्टमेंट कुठलं घ्यावं?

एमए इकॉनॉमिक्स, नेट झालंय (जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, नाही), सध्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतोय. विषय उसाचा पाणीउपसा. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट, म्हणजे जास्तीचा तासभर पंप चालवायला खर्च जवळजवळ शून्य, मग उपसा ठरतो कशावर? गावात ४० जणांशी बोललो, पाण्याची किंमत विचारली की उत्तर एकच, "विहीर माझी, पैसे कसले?"

दोन गाइडना भेटलो. एक म्हणाले हा शेतीचा विषय, दुसऱ्यांकडे सीट नाही. मुंबईची आयजीआयडीआर (अर्थशास्त्राची संशोधन संस्था) माहितीये, पण फुलटाइम जमणार नाही, घर माझ्यावरच आहे. कृषी विद्यापीठातून अ‍ॅग्रीकल्चरल इकॉनॉमिक्समध्ये पीएचडी केली तर पुढे सिनियर कॉलेजला इकॉनॉमिक्सच्या जागेसाठी ती प्रत्यक्षात धरतात का, स्क्रूटिनीत कुणाचं अडलंय का?