‘याला चढतच नाही’ : कौतुक की धोक्याची खूण?

जुनी वही : काल येथे एका सदस्याने लिहिले की, शास्त्रज्ञ व्यसनाचे खापर जनुकांवर फोडून दारुड्यांचे वकीलपत्र घेत आहेत, आणि ‘ज्याच्यात धमक आहे तो दारू पचवतोही आणि सोडतोही’. पहिल्या वाक्यापेक्षा दुसरे मला अधिक खटकले, कारण मार्क शकिट या मनोविकारतज्ज्ञांनी कॅलिफोर्नियात मोजली ती नेमकी हीच धमक. विशीच्या आसपासच्या, तोवर व्यसन न जडलेल्या तरुणांना ठरावीक मात्रेत मद्य देऊन त्यांनी ‘किती चढली’ हे विचारले आणि उभे असताना शरीर किती डोलते तेही नोंदवले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात दिसले ते असे : मद्यपी वडिलांच्या मुलांपैकी ज्यांना कमी चढली होती, त्यांच्यातील ५६ टक्के जण दहाएक वर्षांत व्यसनी झाले होते, ज्यांना लवकर चढत होती, त्यांच्यात हेच प्रमाण १४ टक्के होते. ज्याला पुरे म्हणण्याची वर्दी शरीराकडून उशिरा मिळते, तो पुढचा पेला भरणारच.

तिरकस : तो सदस्य मीच. आपल्याच आकड्यांनुसार कमी चढणाऱ्यांपैकी ४४ टक्के व्यसनी झाले नाहीत. त्यांची जनुके रजेवर होती काय? १९९० मध्ये ब्लम आणि नोबल या संशोधकांनी मेंदूतील डोपामिन या सुखाशी जोडलेल्या रसायनाचा संदेश स्वीकारणाऱ्या रेणूशी (रिसेप्टरशी) निगडित एक जनुकीय प्रकार मद्यपींमध्ये अधिक आढळतो असे जाहीर केले, ‘दारूचे जनुक सापडले’ अशी हाकाटी झाली, आणि त्याच वर्षी दुसऱ्या गटाला तो संबंध आढळला नाही. पुढे कळले की तो बदल मुळात शेजारच्या जनुकात आहे. ज्यांना घराचा क्रमांक नीट सापडत नाही, त्यांनी घरमालकाला निर्दोष ठरवू नये.

जुनी वही : एकच एक जनुक सापडले नाही, हे मान्य. मात्र जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा निघतो, आणि तो अनेक जनुकांत विखुरलेला आहे. निम्मा म्हणजे सगळा नव्हे, हे मीही जाणतो. आपण मात्र निम्म्याला शून्य समजत आहात.

कातरवेळ : टक्केवारी बाजूला ठेवून लिहिते. बाटली संपल्यावरही माझे वडील सुईत दोरा ओवून दाखवत आणि पाहुणे टाळ्या वाजवत. पन्नाशीत, सकाळचा पहिला घोट पोटात जाईपर्यंत, त्याच बोटांना सदऱ्याचे बटण लावता येत नसे. दारू मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा लगाम घट्ट करते आणि त्याला चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. वर्षानुवर्षे असे झाले की मेंदू उलट जोर लावून तोल साधतो, आणि दारू उतरताच तो जोर मोकाट सुटतो, हे मला फार उशिरा समजले. त्यात धमकेचा संबंध कुठे येतो, हे तिरकस यांनी सांगावे. आईने कोणाच्या तरी सल्ल्यावरून डायसल्फिरामची, म्हणजे वर दारू घेतली तर त्रास व्हावा म्हणून दिली जाणारी गोळी त्यांना न सांगता जेवणात कालवली. त्या रात्री ते लालबुंद होऊन, धापा टाकत जमिनीवर कोसळले.

रोखठोक : आपल्या आईने योग्यच केले. माझ्या वहिनीनेही हेच केले आणि भावाची दारू सुटली. गयावया करून कोणी ऐकत नाही.

कातरवेळ : योग्य? ती गोळी दारूपासून शरीरात बनणाऱ्या ॲसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्याचा निचरा करणारे विकर (एन्झाइम) अडवते. पूर्व आशियातील अनेकांत ते विकर जन्मतःच दुबळे असते, म्हणून दारू त्यांना सोसत नाही. पण त्यांना आपल्या देहाचे हे माहीत असते. माझ्या वडिलांना माहीत नव्हते. रक्तदाब कोसळून माणूस जाऊ शकतो. आपला भाऊ वाचला हे त्याचे नशीब. त्यावरून इतरांना सल्ला देऊ नका.

रोखठोक : रोज मार खाणाऱ्या बाईला परवानगी मागत बसायला सांगणाऱ्यांनी आधी तिच्या घरात एक रात्र काढावी.

कातरवेळ : त्या घरात मी अठरा वर्षे काढली आहेत.

जुनी वही : वहिनींचा नाइलाज समजतो, सल्ला तरीही चुकीचाच आहे. हे औषध रुग्णाच्या संमतीने आणि देखरेखीखाली द्यायचे असते. ज्याचे हात सकाळी कापतात त्याला ‘धमक असेल तर आजच सोड’ म्हणणेही तितकेच घातक, कारण अचानक दारू तोडल्यावर झटके येऊन मृत्यूही ओढवतो.

तिरकस : ठीक आहे. ‘पचवतो’ हा शब्द मी मागे घेतो. माझ्या लिखाणात तो शोभेपुरताच होता असे समजावे. पण पहिला पेला कोणत्याही जनुकाने तोंडाला लावलेला नसतो, हे वाक्य मागे घेणार नाही.

कातरवेळ : नका घेऊ. वडिलांना पहिला पेला आजोबांनी दिला होता, आणि त्यांना चढली नाही म्हणून पाठ थोपटली होती.